उलटा ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज वाढवायचं म्हणताय? आधी हे वाचा



सोलापूरहून तुळजापूरकडे निघालं की धाराशिव जिल्ह्याच्या हद्दीत शिरल्या शिरल्या तामलवाडी लागतं. तिथे रस्त्यालगत शेड टाकून लाकडी घाण्याचं तेल काढायचं ठरवलेला एक मुलगा प्रशिक्षणात भेटला. करडई, शेंगदाणा दोन्ही जवळपास मिळतं, तुळजापूरला जाणारं गिऱ्हाईक दारावरून जातं, म्हणजे धंद्याचं गणित चुकीचं नव्हतं. घाणा त्याने जुना घेतला होता, त्याला ३ एचपीची थ्री फेज मोटर. शेडला कनेक्शन मात्र सिंगल फेज, आणि संध्याकाळी व्होल्टेज १८५ वर येतं. भंगारवाल्याने त्याला ४१५/२३० व्होल्टचा, ३ केव्हीएचा एक ट्रान्सफॉर्मर दाखवला आणि सांगितलं, "उलटा लाव. २३० च्या बाजूने लाईन दे, तिकडून ४१५ निघतं. मोटर पळती."

त्याने मला विचारलं, "सर, हे खरंय का? घेऊ का?"

या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. व्होल्टेज वाढेल का? वाढेल. मोटर पळेल का? नाही. संध्याकाळचं कमी व्होल्टेज सुधारेल का? तेही नाही. भंगारवाला खोटं बोलला नव्हता, त्याने तीनातला एकच भाग सांगितला. आपले पैसे बहुतेक अशाच अर्ध्या खऱ्या गोष्टीत जातात, म्हणून हे सगळं नीट उलगडून सांगतो.

उलटा चालतो, कारण त्याला उलटं-सुलटं माहीतच नाही

ट्रान्सफॉर्मर म्हणजे एका लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर गुंडाळलेल्या दोन तारा. एका तारेत एसी करंट गेला की गाभ्यात चुंबकत्व तयार होतं, ते सेकंदाला ५० वेळा आलटून पालटून फिरतं, आणि त्यामुळे दुसऱ्या तारेत व्होल्टेज उभं राहतं. वेढे जितके जास्त तितकं व्होल्टेज जास्त. बस्स. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये एका लोखंडी कड्यावर दोन तारा गुंडाळून हे तत्त्व दाखवलं, आजही तेच आहे.

तुम्ही ५०० ची नोट देऊन १०० च्या पाच नोटा घेता, तसं स्टेप डाऊनचं काम आहे. व्होल्टेज म्हणजे नोट केवढ्याची, करंट म्हणजे नोटा किती. उलटं करा, १०० च्या पाच द्या आणि ५०० ची एक घ्या. झालं स्टेप अप. पण दोन्ही वेळा हातात रक्कम तेवढीच, उलट सुट्टे करून देणारा थोडी दलाली कापतो. ट्रान्सफॉर्मरची दलाली म्हणजे त्याची उष्णता आणि गुणगुण. म्हणून कोणी "हा बॉक्स लावला की व्होल्टेज वाढतं आणि बिल कमी येतं" म्हणाला तर त्याच्याकडून काहीही विकत घेऊ नका.

त्या मुलाच्या ३ केव्हीएच्या डब्याचं बघा. २३० च्या बाजूला ३००० भागिले २३०, म्हणजे साधारण १३ अँपिअर. ४१५ च्या बाजूला सव्वासात अँपिअर. सरळ लावा की उलटा, ही मर्यादा बदलत नाही.

उलटा ट्रान्सफॉर्मर ही काही जुगाडाची गोष्ट नाही. वाशी-भूम पट्ट्यात ज्या पवनचक्क्या उभ्या आहेत, तशा पवनचक्कीत वीज साधारण ६९० व्होल्टला तयार होते आणि ट्रान्सफॉर्मर ती ३३ हजारांवर नेतो. सोलापूरजवळच्या एनटीपीसीच्या प्रकल्पात ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत, तिथेही जनरेटरमधून निघालेली वीज आधी चढवली जाते आणि मगच मोठ्या लाईनवर जाते. आणि सोलापूरचं विजेच्या इतिहासात एक मानाचं पान आहे: ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिण भारताचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. एवढं व्होल्टेज कशाला चढवतात? नोट मोठी केली की नोटा कमी न्याव्या लागतात. करंट कमी, तर तारेतली गळती कमी.

परदेशातल्या आपल्या लोकांना तर हे घरातलं काम आहे. पुण्याहून अमेरिकेत नेलेला मिक्सर २३० व्होल्टचा, तिथली लाईन १२० ची. घरात २३०/११० चा कन्व्हर्टर पडलेला असतो, तोच उलटा लावून चटणी वाटतात. वेढ्यांच्या हिशोबाने १२० चे २५० निघतात, जरा जास्तच, पण मिक्सर दोन मिनिटं चालतो म्हणून निभावतं. (मिक्सर तिथे जरा जास्त ओरडतो असं सांगतात. ओरडणारच.)

मग भंगारातला उलटा लावताना काय बिघडतं?

पहिली गोष्ट, छोटे ट्रान्सफॉर्मर प्रामाणिक नसतात. २३०/१२ लिहिलेला छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या आणि काहीही न जोडता १२ ची बाजू मोजा, १३ किंवा साडेतेरा दिसतील. लोड आल्यावर व्होल्टेज थोडं बसतं, म्हणून कंपनीने दुय्यम बाजूला वेढे आधीच जास्त दिलेले असतात. आता हाच उलटा लावला तर? २३० भागिले साडेतेरा, म्हणजे १७ पट. १२ व्होल्ट दिले तर २०४ निघतील, आणि लोड टाकल्यावर त्याहून कमी. मोठ्या ट्रान्सफॉर्मरला हा फरक कमी असतो. पण नेमप्लेटवरचे आकडे उलटे वाचून अचूक व्होल्टेज मिळेल असं धरू नका.

दुसरी गोष्ट, चालू करताना एमसीबी पडतो. कुठलाही ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर नेहमीच्या दहा-बारा पट करंट खेचू शकतो. कमी व्होल्टेजचं वाइंडिंग बहुधा आत, गाभ्याला चिकटून असतं, तिकडून लाईन दिली की हा झटका आणखी मोठा. मग काय होतं, गावाकडचा वायरमन किटकॅटमध्ये जाड तार बांधतो आणि म्हणतो, "आता नाय पडत." तार पडत नाही, शेड जळतं. अशा जागी डी टाईपचा एमसीबी लागतो, आणि कितीचा ते ट्रान्सफॉर्मर आणि वायर बघून लायसन्सवाल्या विद्युत ठेकेदारानेच ठरवायचं.

तिसरी, ज्या वाइंडिंगवर २३० लिहिलंय त्याला २३० च्या फार वर देऊ नका. लोखंड एका मर्यादेपर्यंतच चुंबकत्व धरतं. त्यापुढे करंट एकदम वाढतो, डबा घूं घूं करतो, तापतो, वार्निशचा वास येतो. वास आला म्हणजे रिवाइंडिंगवाल्याची कमाई सुरू झाली. ६० हर्ट्झचा बाहेरदेशचा ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर लावला तर त्याच व्होल्टेजलाही हेच होतं. आणि बॅटरीचा डीसी तर द्यायचाच नाही, डीसीवर ट्रान्सफॉर्मर काम करत नाही, फक्त जळतो.

चौथी जरा अवघड आहे, पण जिवाची आहे. आपल्या घरच्या लाईनला न्यूट्रल असतं आणि ते जमिनीला जोडलेलं असतं, म्हणून गळती झाली की फ्यूज किंवा ईएलसीबी पडतो. वेगळ्या वाइंडिंगच्या ट्रान्सफॉर्मरमधून निघालेल्या ४१५ च्या दोन तारांचा जमिनीशी काही संबंधच नसतो. मशीनच्या बॉडीला तार लागली तरी काहीच पडत नाही, आणि तुमच्या पाठीमागचा ईएलसीबी ही चूक बघूच शकत नाही. टेस्टर कधी मंद लागतो, कधी लागत नाही, आणि माणूस समजतो लाईन बंद आहे. बाहेर पडणाऱ्या बाजूला एक टोक अर्थ करणं, गाभा आणि बॉडी अर्थ करणं, त्या बाजूला वेगळं संरक्षण देणं हे सगळं करावंच लागतं. थ्री फेजचा डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मर उलटा लावत असाल तर स्टार बाजूचं न्यूट्रल महावितरणच्या न्यूट्रलला जोडू नका, आणि डेल्टाच्या बाजूने न्यूट्रल मिळेल अशी अपेक्षाही ठेवू नका.

४१५ मिळाले, तरी मोटर का फिरत नाही

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. थ्री फेज म्हणजे "जास्त व्होल्टेज" नव्हे. तीन फेज म्हणजे एकामागोमाग एक येणारे तीन ठोके, प्रत्येकात १२० अंशांचं अंतर. त्या क्रमामुळे मोटरच्या आत चुंबकत्व गोल फिरतं आणि रोटर त्याच्या मागे धावतो. सिंगल फेजचे २३० चढवून ४१५ केले तरी ठोका एकच राहतो. मोटर हंबरते, जाग्यावर थरथरते आणि काही मिनिटांत जळते.

त्या मुलाला मी विचारलं, मोटरच्या पाटीवर काय लिहिलंय? त्याने फोटो दाखवला, ४१५ व्होल्ट, स्टार. हे बरं झालं. आपल्याकडे ३ एचपीपर्यंतच्या मोटरी बहुधा स्टारमध्ये असतात, म्हणजे प्रत्येक वाइंडिंगवर २४० च्या आसपासच व्होल्टेज पडतं. टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या बदलून तीच मोटर डेल्टात केली की तिला थ्री फेज २३० पुरतात. आणि सिंगल फेज २३० घेऊन थ्री फेज २३० देणारा व्हीएफडी बाजारात मिळतो. सहा टोकं बाहेर काढलेली नसतील तर रिवाइंडिंगवाला काढून देतो. पाटीवर ४१५ डेल्टा लिहिलं असेल तर मात्र हा मार्ग बंद. मोठ्या मोटरी अशाच असतात.

व्हीएफडी घेताना "सिंगल फेज इनपुट, २.२ किलोवॉट" असं स्पष्ट सांगून घ्या. तो २३० व्होल्टला २० ते २४ अँपिअर खेचतो, त्यामुळे वायर त्या हिशोबाची लागते. आणि संध्याकाळी १८५ आले तर तो पुढे १८५ च्या वर देऊ शकत नाही, पुष्कळ व्हीएफडी तेवढ्यावर बंदच पडतात. सरळ सांगायचं तर रोजचा धंदा असेल तर महावितरणकडे थ्री फेज कनेक्शनचा अर्ज करणं हाच साधा रस्ता. तेलघाणा, दालमिल, पिठाची गिरणी यांना उद्योगाचा दर लागतो, घरगुती मीटरवर धंदा चालवला तर वीज कायदा २००३ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो. पीएमएफएमई किंवा पीएमईजीपीचा प्रकल्प अहवाल करत असाल तर कनेक्शनचा खर्च त्यात पहिल्याच दिवशी धरा. लोक मशीनचं कोटेशन लावतात आणि विजेच्या रकान्यात अंदाजे काहीतरी टाकतात.

संध्याकाळचे १८५

उलटा ट्रान्सफॉर्मर फक्त पट सांभाळतो. १८५ दिले तर ४१५ नाही, ३३४ निघतील. लाईन खाली आली की तोही खाली येतो.

कमी व्होल्टेजने मोटरचं काय होतं ते आकड्यात बघा. ३ एचपीची सिंगल फेज मोटर पूर्ण लोडवर साधारण साडेतीन केव्हीए घेते. २३० व्होल्टला १५ अँपिअर, १८५ ला जवळजवळ १९. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे वाइंडिंग दीडपटीहून जास्त तापतं. आणि सुरू होतानाचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, तो ६५ टक्क्यांवर येतो. घाण्यात शेंगदाणा भरलेला असताना मोटर उचलत नाही ती यामुळे.

पण बॉक्स घेण्याआधी एक काम फुकटात करा. वायरमनला क्लॅम्प मीटर घेऊन बोलवा. मोटर बंद असताना मीटरजवळ आणि मशीनजवळ व्होल्टेज मोजा, मग मोटर चालू करून दोन्हीकडे परत मोजा. मीटरजवळ २२५ आणि मशीनजवळ २०० असेल तर दोष महावितरणचा नाही, तुमच्या वायरचा आहे. १०० मीटर लांब शेड आणि ४ चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियम वायर असेल, तर जाऊन-येऊन २०० मीटर तारेचा रोध दीड ओहमच्या आसपास येतो. १५ अँपिअरला २२ व्होल्ट तिथेच गेले. सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट मागते, तेव्हा शंभर व्होल्टच्या वर वायरच खाते. तीच वायर १६ ची टाकली तर पूर्ण लोडला सहा व्होल्टही जात नाहीत. मी सांगतो, निम्म्या शेडमधला "लो व्होल्टेज" हा रोग वायरचा किंवा सैल न्यूट्रलचा असतो.

मीटरजवळच १८५ येत असेल तर तक्रार करा, १९१२ वर किंवा सेक्शन ऑफिसला लेखी. १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून लो टेन्शनला सहा टक्के वर-खाली ही मर्यादा चालत आलेली आहे. २३० चा हिशोब धरला तर २१६ च्या खालचं व्होल्टेज ही तुमची कटकट नसून सेवेतला दोष आहे. तारीख, वेळ आणि आकडा लिहून ठेवलेला कागद सोबत द्या. एकट्याने देण्यापेक्षा त्याच डीपीवरच्या चार-पाच जणांनी मिळून दिलेला अर्ज जास्त हलतो.

तोपर्यंत धंदा थांबवायचा नसेल तर स्टॅबिलायझर. यात एक गंमत आहे. स्टॅबिलायझरच्या आत स्टेप डाऊनच असतो, पण उलटा नाही, लाईनच्या मालिकेत जोडलेला. समजा २३०/४८ चा ट्रान्सफॉर्मर आहे. त्याची ४८ ची बाजू लाईनमध्ये ओवली की १८५ मध्ये ३९ मिळून २२४ होतात. सगळी वीज त्यातून जात नाही, फक्त वरचा फरक जातो, म्हणून साडेतीन केव्हीएच्या मोटरला १ केव्हीएचा डबा पुरतो. हे कळलं की काही हुशार लोक घरीच कायमचं जोडून टाकतात. मग रात्री लोड उतरतो, लाईन २४० वर जाते, आणि यांच्याकडे २९० निघतात. मोटर, फ्रीज, टीव्ही सगळं एका रात्रीत. म्हणून रिले किंवा सर्व्होवाला, वरचं व्होल्टेज आलं की तोडणारा तयार स्टॅबिलायझरच घ्या.

आणि तो ट्रान्सफॉर्मर, जो तुम्ही विकत न घेताच उलटा चालवता

हा भाग कृपया सोडू नका.

लाईट गेली. ऑर्डर अर्धी राहिली आहे. तुम्ही भाड्याने जनरेटर आणला आणि दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून शेडमधल्या एका सॉकेटमध्ये घुसवली. शेड उजळलं. मेन स्विच पाडायचा राहिला.

आता तुमची वीज मेनमधून उलटी बाहेर निघते, सर्व्हिस वायरवरून पोलावर, पोलावरून डीपीवर. गावातला डीपी म्हणजे ११ हजारांचे ४३३ करणारा स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर. त्याच्या एका फेजच्या वाइंडिंगवर २५० व्होल्ट, समोर ११ हजार, म्हणजे ४४ पट. तुमच्या जनरेटरचे २३० तिकडे पोचले तर वरच्या बाजूला १० हजारांच्या पुढे व्होल्टेज उभं राहतं. बहुतेक वेळा अख्ख्या गावाचा लोड पडून जनरेटर गुदमरतो आणि बंद होतो. पण वादळात तार तुटून तुमच्याकडची चार घरंच जोडलेली राहिली असतील, किंवा लोकांनी मेन पाडून ठेवले असतील, तर तो बंद पडत नाही. आणि त्याच वेळी पुढच्या पोलावर लाईनमन चढलेला असतो. त्याने सबस्टेशनला फोन करून लाईन बंद घेतलेली असते, त्याच्या कागदावर ती तार मेलेली असते. नियमाने त्याने तार अर्थ करून मगच हात लावायचा असतो, पण अंधारात, पावसात, गाव डोक्यावर बसलेलं असताना काय काय होतं ते आपण सगळे जाणतो. आणि पोलावरच्या खालच्या तारेवर तुमचे साधे २३० सुद्धा माणूस मारायला पुरेसे आहेत.

छतावरच्या सोलरबद्दल लोक हाच प्रश्न विचारतात, कारण दुपारी गावात सोलरची वीज जास्त झाली की तीही डीपीतून उलटी वर जाते. फरक असा, की ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर लाईन गेली की ती ओळखून स्वतः थांबतो. तुमच्या पेट्रोल-डिझेल जनरेटरला ही अक्कल नसते. ती चेंजओव्हर स्विचने द्यावी लागते: एकतर महावितरण, नाहीतर जनरेटर, दोन्ही एकदम कधीच नाही. सिंगल फेजला डबल पोल, थ्री फेजला फोर पोल घ्या, म्हणजे न्यूट्रलही तुटतं. दोन पिनांची ती वायर असेल तर आजच कापून टाका.

त्या मुलाने ट्रान्सफॉर्मर घेतला नाही. मोटर डेल्टात करून घेण्याचं आणि थ्री फेजचा अर्ज भरण्याचं ठरलं. जनरेटर मात्र त्याच्याकडे आधीच होता. त्याला मी एवढंच करायला सांगितलं की चेंजओव्हर बसवून झाल्यावर, वायरमनला पैसे देण्याआधी, लाईट गेलेली असताना जनरेटर चालू करायचा आणि वायरमनकडून चेंजओव्हरच्या महावितरणकडच्या टोकांवर मीटरने मोजून घ्यायचं, फेज आणि न्यूट्रल दोन्ही, अर्थशी सुद्धा. शून्य दिसलं तरच हिशोब चुकता करायचा.